दुसऱ्या ओळीतली खाच

दुपारी एक वाजल्यापासून ज्योत्सनानं त्या लॅपटॉपला तीनदा ‘मेल्या’ म्हटलं होतं आणि एकदा, माय पाणी प्यायला उठली असताना, त्याहून वाईट काहीतरी. लॅपटॉपनं सगळं निमूट ऐकून घेतलं. ऐकण्यात तो हुशार होता. ऐकलेलं परत सांगायला लावलं की मात्र करकरायचा.

साडेपाचची एसटी गाठायची होती. आसगावहून पवनी, पवनीहून नागपूर; उद्या दवाखान्यात भरती आणि परवा मायच्या, सखाबाईच्या, जिभेचं ऑपरेशन. अर्धी जीभ काढावी लागेल, डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. चाळीस वर्षं रोज सकाळी बोटानं दातांवर गुडाखू घासली, त्या तंबाखूनं आपलं काम गुपचूप करून ठेवलं होतं. नंतर बोलता येईल हळूहळू, डॉक्टर म्हणाले. गाता येईल का, हे ज्योत्सनानं विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं.

म्हणून आज गाणं. रोवण्याचं, म्हणजे भातलावणीचं, अकरा कडव्यांचं. धानाची रोपं, पऱ्हे, मुठीत धरून, कमरेत वाकून, बांधीच्या चिखलात मागं मागं सरकत बाया म्हणायच्या ते. सगळी कडवी येणाऱ्या दोघीच उरल्या होत्या गावात. त्यातली कौशल्याबाई मागच्या पोळ्याच्या आधी गेली. आता एक सखाबाई. आणि तिच्याकडं साडेपाचपर्यंतचा वेळ.

ज्योत्सना लाखनीच्या एका शाळेत मराठी शिकवायची. माईक तिनं शाळेतल्या एका मॅडमकडून मागून आणला होता, लॅपटॉप स्वतःचा. घर तिनं मुकं करून ठेवलं होतं. दाराला गोधडी, खिडकीला गोधडी, पंखा बंद. बाप, ताराचंद, बाहेर छपरीत जाळं विणत बसला होता. त्याला खोकायचं नाही म्हणून बजावलं होतं, आणि तो बिचारा खोकला आला की उठून पार तळ्याच्या वाटेपर्यंत जात होता.

पहिल्या खेपेला सखाबाईनं अकरा कडवी म्हटली. ज्योत्सनानं ऐकून पाहिलं. मायचा आवाज होता, पण कढईत लाह्या फुटाव्यात तसा तडतडत, मध्येच गुडूप होत, पुन्हा वर येत.

तिनं भावाला फोन लावला. लिलाधर लाखनीलाच लग्नाकार्यात साऊंड लावायचा. त्याच्या मागं आताही कुणीतरी ‘हॅलो हॅलो, माईक चेक’ करत होतं.

“चार्जर लावून ठेवला असशीन,” तो म्हणाला.

“लावला हाये.”

“काढ. आपल्या घरच्या बोर्डाले अर्थिंग हाये का? बाबानं तो बोर्ड लावला तईपासून त्यात दोनच तार हायेत.”

चार्जर काढला. मागची घरघर गेली, पण आवाज जास्तच तुटायला लागला. पुन्हा फोन. आता बॅटरी वाचवायला मशीन झोपा काढून राहिलं, लिलाधर म्हणाला, सेटिंगमधी जाऊन पॉवर पूर्ण कर. केली. वायफाय बंद कर, ब्लूटूथ बंद कर. केलं. माईकची वायर त्या चार तोंडाच्या डबीत नको, सरळ लॅपटॉपमधी खुपस. खुपसली. आणि दर वेळी सखाबाई पाट ओढून माईकसमोर बसत होती, दर वेळी दोन-तीन कडवी म्हणत होती, दर वेळी गडव्यातल्या पाण्यानं चूळ भरून बाहेर टाकत होती. चौथ्या चुळेचं पाणी गुलाबी होतं. ते ज्योत्सनानं पाहिलं, आणि मायनं ते पायानं मातीत लपवलं, तेही पाहिलं.

“अजून करकरते,” ती फोनवर ओरडलीच. “तुह्या सेटिंगच्या नादानं मायचं तोंड फाटून राहिलं, लिल्या.”

“थांब. तू तपासाले मायले गाऊ लावते का?”

“मंग कोनाले लावू?”

“अवं मास्तरीन, तूच म्हन ना एक दोन तीन. आम्ही काय चेक कराले नवरदेवाले गाऊ लावतो का?”

चार खेपा. मायच्या तोंडातल्या चार खेपा तिनं यंत्राला चाखायला दिल्या होत्या, आणि हे साधं तिला सुचलं नव्हतं. स्वतःचा इतका राग आला की तो ठेवायला जागा सापडेना. मग तो भावावरच काढला. “शहाना हायेस. बोल पुढं.”

“बफर पाय किती हाये.”

“चौसष्ट.”

“हे घे. बफर म्हंजे टाकं समज. माईकमधून आवाज पान्यासारखा येऊन राहिला. मशीन मधातच दुसऱ्या कामाले गेलं, अन टाकं लहान असलं, त पानी सांडते. सांडला तो आवाज गेला. टाकं मोठं कर, हजाराच्या वर ने.”

तिनं टाकं मोठं केलं. या वेळी स्वतः माईकसमोर बसून तिनं सतरापर्यंत आकडे म्हटले आणि ऐकले. स्वच्छ. तळ दिसणाऱ्या पाण्यासारखा स्वच्छ आवाज. ती हसली नाही. हसायला उशीर झाला होता, सव्वातीन वाजले होते.

“माय, ये. आता होते.”

सखाबाई आली. डोळे मिटले, आणि तिच्या आत कुठंतरी आषाढ भरून आला. आवाज बारीक झाला होता तिचा, जुन्या लुगड्यासारखा विरलेला, पण काठ अजून शाबूत. अकराही कडवी झाली. ज्योत्सनानं हेडफोन लावला. ‘पऱ्हे माह्या हाती वं, पानी माह्या पायी,’ आवाज आला, जसाच्या तसा. ‘बांधीत बुडला...’ आणि खाच. रिकामी. मग, ‘वं, काढाले कोनी नाही.’

चांद गायब होता. बांधीत बुडला चांद वं, लहानपणी बांधावर बसून ऐकलेली ओळ तिला झोपेतही आली असती. तिनं पुढचं कडवं लावलं. तिथंही दुसऱ्या ओळीत तेच. तिसऱ्यात तेच. अकराच्या अकरा.

तिनं लॅपटॉपचं झाकण असं आपटलं की बाहेर ताराचंदच्या हातातली विणायची सुई थांबली.

“फेकून दे तो डबा तळ्यात,” तिनं पुन्हा फोन लावून सगळं सांगितल्यावर लिलाधर म्हणाला, आणि मग, “पन ताई, एकाच शब्दावर कसा तुटीन? मशीनले का गाना समजते?”

“मले मालूम असतं त तुले फोन केला असता का,” म्हणून तिनं फोन बंद केला. राग असा चढला होता की भावानं नेमकं काय विचारलं, ते कानात शिरायला थोडा वेळ लागला.

तिनं झाकण उघडलं. हेडफोन कानांवर दाबून ती खाच पुन्हा लावली. पुन्हा. मघाशी आवाज तुटायचा तेव्हा सगळंच तुटायचं, जणू विळ्यानं कापल्यासारखं, मागं काहीच उरायचं नाही. या खाचेत तसं नव्हतं. या खाचेत मागच्या परसात कोंबडी बोलत होती. मायची काकणं एकमेकांना लागल्याची बारीक किणकिण होती. श्वास होता, आत घेतलेला आणि धरून ठेवलेला.

यंत्र जागं होतं. यंत्रानं त्याचं काम केलं होतं.

“माय,” ती म्हणाली, “तू इथं म्हनतच नाहीस.”

“काय?”

“चांद.”

सखाबाईनं दाराच्या गोधडीकडं पाहिलं. “हळू म्हन. ते बसले हायेत भाईर.”

बापाचं नाव ताराचंद. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं; आणि नाव घ्यायचं नाही म्हणजे नावातला तुकडाही नाही. हे ज्योत्सनाला ठाऊक नव्हतं असं नाही. तिच्या घरात आभाळातला तो ‘वरचा’ होता आणि चांदण्या सगळ्या ‘लाह्या’. चौथीत निबंधात तिनं लिहिलं होतं, ‘रात्री वरचा उगवतो’, आणि अख्खा वर्ग हसला होता. तिचं स्वतःचं नावही मायनं शाळेच्या बाईंना विचारून ठेवलेलं. त्याच्या उजेडाला असा शब्द सांगा, ज्यात ते नाव येत नाही. सगळं ठाऊक होतं. फक्त हे गाण्यातही शिरलं असेल, असं कधी वाटलं नव्हतं.

“मंग रोवण्यात कशी म्हनत होती? मी ऐकलं हाये.”

“कौशल्याचं ऐकलं असशीन. त्या जागेवर मी दम खाओ, कौशल्या म्हने. सातव्या कडव्यात सोमवार येते ना, तई ते दम खाये अन मी म्हनो. तिच्या घरवाल्याचं नाव सोमा.” सखाबाई हे इतक्या सहज सांगत होती, जणू दोघींनी मिळून एक घागर उचलायची असते तसं.

“दुपारपासून मी या डब्याले शिव्या देऊन राहिली,” ज्योत्सना म्हणाली, आणि आवाज चढत गेला, “तुह्या तोंडातून रगत काढलं मी, अन तू सांगत नाहीस?”

“मले वाटलं तुले मालूम हाये.”

“परवा अर्धी जीभ चालली तुही. त्या जिभेनं एकडाव म्हटलं त काय होते?”

“होते का नाही, मले का मालूम. पन मी तिकडं टेबलावर पडली, अन इकडं त्यायले काही झालं त मंग?”

गोधडी सरकली. ताराचंद दारात उभा होता, खांद्यावर अर्धं विणलेलं जाळं.

“म्हन ना वं,” तो म्हणाला. “मी का मरतो एवढ्यानं. चांद. चांद. चांद. घे, झाला का रेकाट?”

“तुम्ही जा,” सखाबाई म्हणाली. “जाळं इना.”

“इतक्या वर्षांत हे एकदा तरी म्हटलं का मायले?” ज्योत्सना त्याच्यावर फिरली. “एकदा तरी?”

“मले कोनं सांगतलं? मले वाटे, तिले तो शब्द आवडत नाही.” त्याचा चेहरा खराच गोंधळलेला होता, आणि त्यामुळं तर तिला अधिकच संताप आला. याच्यावर रागवावं तर हा निर्दोष. मायवर रागवावं तर तिच्या ओठाच्या कोपऱ्यात लाल. लॅपटॉपवर रागावणं किती सोपं होतं.

तो गेला. पावणेचार झाले.

“आता एक खेप निघन,” सखाबाई पदरानं तोंड टिपत म्हणाली. “त्याच्यामांग तोंड उघडनार नाही. तू बस बाजूले, कौशल्याच्या जागी.”

“मले तुहा आवाज पाहिजे. माहा नाही.”

“हा एकटीनं म्हनाचा गानाच नाही, बाई.” पहिल्यांदाच मायच्या आवाजाला धार आली. “तुले पुरा पाहिजे का खाचेचा पाहिजे, सांग. माह्यापाशी टाइम नाही.”

ज्योत्सना बसली. एका पाटावर दोघी, गुडघ्याला गुडघा. लाल ठिपका लागला. सखाबाईनं सूर धरला, पऱ्हे हाती, पाणी पायी, बांधीत बुडला, आणि श्वास धरला. ज्योत्सनानं शब्द फेकला. ठेवला नाही, फेकला. दर कडव्याला फेकला. वर्गातल्या हसण्यावर, गुडाखूच्या डबीवर, डॉक्टरच्या कागदावर, बाहेर बसलेल्या त्या निर्दोष माणसावर. सातव्या कडव्यात मायनं कौशल्याबाईचा सोमवार तिच्यासाठी म्हटला, मेलेल्या मैत्रिणीच्या वाट्याचा, आणि लगेच दुसरी ओळ आली, थांबायला जागा नव्हती.

ऐकताना कुठं करकर नव्हती, कुठं खाच नव्हती. फक्त दर ‘चांद’ला पडद्यावरची रेघ वर जाऊन लाल होत होती.

“माहा आवाज फाटून राहिला माय. लय जोरात झाला. हे बरोबर नाही.”

सखाबाईनं तिच्या कानांवरचा हेडफोन काढून तिच्या मांडीवर ठेवला. बोलताना तिला आता त्रास होत होता, शब्द एकेक करून यायला लागले.

“कौशल्या असीच खेकसे,” ती म्हणाली. “दुपारच्यानं कंबर मोडली का आमी सगळ्याच खेकसो. राहू दे.”

ज्योत्सनानं गाणं लॅपटॉपमध्ये ठेवलं, पेनड्राइव्हवर ठेवलं, लिलाधरला पाठवलं आणि फोनमध्येही उतरवून घेतलं. मग गोधड्या काढल्या, पिशवी भरली, मायचे रिपोर्ट वर ठेवले.

“झालं का वं?” ताराचंदनं छपरीतून विचारलं.

ज्योत्सनानं पिशवी खांद्यावर घेतली, आणि सखाबाई पदरानं तोंड झाकून एसटीच्या वाटेला लागली.