क्लिफर्ड अडकले त्या दुपारी

मार्चमधल्या एका दुपारी आमचं कोकरू वरच्या कुरणात खडकाच्या भेगेत पडलं. नवरा, डंकन, मेंढ्यांच्या बाजाराला गेलेला. घरी मी आणि माझे एकाहत्तर वर्षांचे सासरे, क्लिफर्ड. मी इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या केंटची, उत्तरेला यॉर्कशरच्या या डोंगरात लग्न होऊन आले त्याला जेमतेम सहा महिने झाले होते.

"डंकनला येऊ द्या ना," मी म्हटलं.

"तोवर भेग पाण्यानं भरेल. वर पाऊस लागलाय, दिसत नाही?" त्यांनी दोराचं एक टोक छातीला बांधलं, दुसरं ट्रॅक्टरला. "हाक मारली की ओढ, पोरी. सावकाश."

ते आत उतरले. बऱ्याच वेळानं हाक आली. मी ट्रॅक्टर पुढे घेतला, दोर ताणला गेला आणि आतून ओरडणं ऐकू आलं, "फास्ट! फास्ट!"

मी वेग वाढवला.

त्यानंतर जी किंकाळी आली ती माणसाची वाटेना. मी ब्रेक दाबला. आता फक्त पाण्याचा आवाज. मी उतरून भेगेकडे धावले. मारलं मी त्यांना, एवढंच डोक्यात.

"क्लिफर्ड?"

"दोर सोड..." पिचलेला आवाज आला. "इकडे फास्ट म्हणजे अडकलोय, बाई! तुमच्याकडे काय म्हणतात?"

आमच्याकडे फास्ट म्हणजे जलद. मी धावत जाऊन ट्रॅक्टर मागे घेतला.

परत येऊन पालथी पडून पाहिलं. हातभर खाली त्यांचा खांदा दोन खडकांत रुतला होता आणि पाणी कमरेपर्यंत चढलं होतं. ओठ निळे.

"कोट काप," ते म्हणाले. "आणि ट्रॅक्टरला हात लावू नकोस."

ट्रॅक्टरमध्ये असलेल्या, मेंढ्यांचे खूर कापायच्या कात्रीनं मी तो जाड कोट कापत गेले. कात्री दोनदा त्यांच्या मानेला लागली. पाणी छातीला आलं, तेव्हा त्यांनी सगळा श्वास सोडला, खांदा फिरवला आणि मी दोन्ही हातांनी त्यांना वर खेचलं. कोकरू खालीच राहिलं.

दवाखान्यात कळलं, तीन बरगड्या मोडल्या होत्या. डॉक्टरनं विचारलं, हे कसं झालं?

"सूनबाईला घाई फार," क्लिफर्ड म्हणाले आणि डोळा मिचकावला.

बाजारातून थेट तिथे आलेला डंकन हसला. मी बाहेर जाऊन ओकले.

दुसऱ्या दिवशी डंकननं ट्रॅक्टरची किल्ली माझ्यापुढे धरली. मी ती घेतली नाही.