हर्षाच्या नावाचे दोन पेपर

"जागेश्वर गुरुजी, अहो या ना जी समोर! नव्या नवरीवानी लाजता काय?" केंद्रप्रमुख कृष्णराव साहेब माइकवरून म्हणाले, आणि केंद्रशाळेच्या सभागृहात बसलेले चाळीसेक शिक्षक खो खो हसले.

जागेश्वर गुरुजी उठले खरे, पण पाय उचलेनात. महिन्याची शिक्षण परिषद होती. ती दर महिन्याला होते. परिपत्रकं वाचली जातात, चहा-पोहे होतात आणि दोन वाजले की सगळे आपापल्या मोटारसायकलला लाथ मारतात. आज मात्र टेबलावर शाल होती, गुच्छ होता, आणि फळ्यावर रंगीत खडूने लिहिलं होतं, 'तंत्रस्नेही शिक्षकाचा सत्कार'. ऑनलाइन प्रशिक्षणाचे बाराच्या बारा कोर्स केंद्रात सगळ्यांत आधी कोणी पूर्ण केले, तर निवृत्तीला दहा महिने उरलेल्या जागेश्वर गुरुजींनी! कौतुक होणारच हो.

आता खरं सांगायचं, तर गुरुजींनी त्या बारांतला एकच कोर्स उघडून पाहिला होता. तोही तीनदा. पहिल्या दिवशी पासवर्ड विसरले. दुसऱ्या दिवशी पासवर्ड सापडला, पण ओटीपी येईस्तोवर त्याची मुदत संपली. तिसऱ्या दिवशी व्हिडिओ लागला. पाऊण तास मन लावून पाहिला, वहीत टिपणं काढली. मध्येच मेव्हण्याचा फोन आला, तो उचलला, आणि परत येऊन पाहतात तर व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून.

"का होय बापा हे!" गुरुजी वैतागले.

"शाळेतल्या नव्या सरले इचारा ना," त्यांची बायको बेबीबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाली.

"त्याले कायले इचारू? मी हेडमास्तर हाव त्याचा."

"मंग बसा."

तर बसले. तीस वर्षं पोरांना 'समजलं नाही तर हात वर करा' असं सांगणाऱ्या माणसाचा स्वतःचा हात काही वर गेला नाही. इकडे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रोज सकाळी यादी यायची. ज्यांचे कोर्स अपूर्ण, त्यांची नावं लाल रंगात. चार दिवस गुरुजींचं नाव लाल. पाचव्या दिवशी कोणी तरी त्याखाली हसरा चेहरा टाकला. झालं! बाजाराचं निमित्त करून गुरुजी सिहोऱ्याला गेले आणि नंदलालच्या ऑनलाइन दुकानात फोन ठेवला.

"जरा ते कोर्सचं पाहून दे गा."

"तुमी काहीच टेन्शन नोका घेऊ जी," नंदलाल म्हणाला. "अर्ध्या केंद्राले मीच पास करून राहिलो."

गुरुजी समोरच्या टपरीवर दुकानाकडे पाठ करून चहा पीत बसले. तीन आठवडी बाजारांत बारा प्रमाणपत्रं आली. आपण काय उत्तरं दिली आहेत, हे त्यांनी वाचूनसुद्धा पाहिलं नाही.

आणि आज हा सत्कार. नको म्हणावं तर का म्हणून विचारतील. गुरुजी समोर जाऊन उभे राहिले. साहेबांनी शाल हातात घेतली आणि परत टेबलावर ठेवली.

"थांबा, पहिले एक वाचतो. शेवटच्या कोर्सात वर्गातला एक प्रसंग लिवायचा होता. तुमी साऱ्यांनी चार-चार ओळींत उरकवला. गुरुजींनी काय लिवलं, ते आयका."

गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं. आपण काय लिहिलंय, हे आता त्यांनाही साहेबांकडूनच कळायचं होतं. साहेब वाचू लागले.

"'मी चौथीत होतो. सहामाहीच्या गणिताच्या पेपरला मला काहीच येत नव्हतं. शेजारी हर्षा नावाची हुशार मुलगी बसली होती. तिचा पेपर मी पूर्ण उतरवला. इतका पूर्ण, की वर तिचं नावही उतरवलं. गुरुजींच्या हाती हर्षाच्या नावाचे दोन पेपर गेले.'"

सभागृह हसलं. गुरुजी हसले नाहीत. हर्षाच्या नावाचे दोन पेपर त्यांनी उभ्या जन्मात एकदाच पाहिले होते.

"'दुसऱ्या दिवशी वर्गात गुरुजी एक शब्द बोलले नाहीत. शाळा सुटल्यावर मला थांबवलं, कोरा कागद दिला आणि म्हणाले, चुकीचं लिव, पण तुयं लिव. मला रडू येत होतं. ते दिसू नये म्हणून गुरुजी खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसले. माझं होईपर्यंत त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. मला शंभरपैकी अकरा गुण मिळाले. ते माझे होते. आज मी शिक्षक आहे तो त्या अकरा गुणांमुळे.'"

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतून कोणी तरी "वाह, गुरुजी!" म्हणालं.

गुरुजींची नजर आपसूक त्या मागच्या रांगेकडे गेली. रेणू पटले तिथे मान खाली घालून बसली होती. त्यांच्याच हाताखाली शिकलेली, दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावच्या शाळेत लागलेली. तिच्या गावात नेटवर्क नाही, म्हणून आपला प्रसंग स्वतः लिहून, टाइप करून तिने नंदलालकडे फक्त पाठवायला दिला होता. नंदलालने तिचा पाठवायचा राहू दिला. गुरुजींचा रकाना रिकामा दिसला, तर समोर पडलेला मजकूर तिथे टाकून मोकळा झाला. बाईचा पुरुष करण्याइतकी हुशारी तेवढी दाखवली. रेणूचं नाव अजून लाल यादीतच होतं.

धरणीने पोटात घ्यावं असं गुरुजींना झालं. रेणू बोलणार नव्हती, हे तिच्या मानेवरूनच कळत होतं. शाल घ्यायची, दोन शब्द बोलायचे, खाली बसायचं. दहा महिने असेच निघून गेले असते. कोणाच्या बापाला कळलं नसतं.

"गुरुजी, दोन शब्द बोला. या वयात कसं जमवलं, आयकू द्या या पोरायले," साहेबांनी माइक पुढे केला.

गुरुजींनी माइक धरला. माइकची खरखर सभागृहभर झाली.

"हे मी लिवलं नाही जी."

"म्हंजे?"

"नाही लिवलं. एकही कोर्स मी केला नाही. नंदलालकडून करवून घेतले. मले येत नव्हतं, अन् कोणाले इचाराची लाज वाटली." त्यांनी माइक दुसऱ्या हातात घेतला. "आता जे वाचलं, थे दुसऱ्याचं हाय. कोणाचं, ते मी सांगणार नाही. त्याचं चोरीले गेलं, तेवढंच लय झालं."

साहेब घाईघाईने पुढे झाले आणि गुरुजींच्या कानाशी पुटपुटले, "काहून असं करता जी? बसा ना चुपचाप. कोण नाही करत नंदलालकडून?" माइक सुरूच होता. ते चाळीसही जणांनी ऐकलं, आणि त्यातल्या निम्म्या माना एकदम खाली गेल्या. कोणाला चपलेचा पट्टा आठवला, कोणाला फोन.

शाल टेबलावरच राहिली. गुरुजींचं नाव साहेबांनी पेनने खोडून अपूर्णच्या यादीत लिहिलं. लिहिताना त्यांनाच मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. पोहे आले. गुरुजींच्या शेजारी बसायला कोणी आलं नाही. राग नव्हता कोणाचा. पण चोराच्या मनात चांदणं, तेव्हा लोक जरा लांब लांबच बसले.

दोन वाजता मोटारसायकली गेल्या. गुरुजी मागच्या वर्गात एकटेच बाकावर बसून राहिले. लाज कशी असते, हे त्यांनी पोरांच्या तोंडावर हजारदा पाहिलं होतं. स्वतःच्या अंगावर घेऊन बसायची ही पहिलीच वेळ. कान अजून तापलेले होते.

"गुरुजी."

रेणू दारात उभी होती. गुरुजींना वर पाहवेना.

"माह्यामुळं तुयं नाव लाल यादीत राह्यलं, रेणू."

"ते होईल जी. उद्या पाठवीन मी."

"तू काहून नाही बोलली व? तुयंच होतं ते. उठून एक शब्द म्हणाची होती."

"तुमी बी तवा कोणाले नाही सांगतलं," रेणू म्हणाली. "माह्या मायले बी नाही."

गुरुजींनी चष्मा काढला, त्यांचा बाप धोतराने पुसायचा तसा शर्टाच्या टोकाने पुसला, आणि परत लावला. रेणूने त्यांचा फोन मागून घेतला आणि समोर बाकावर ठेवला. तिच्या फोनवरून नेट जोडून दिलं. पडद्यावर पहिला कोर्स उघडायची वाट पाहत होता.

"पासवर्ड टाका जी."

"तूच टाक ना. माहं बोट भलतीकडेच जाते."

"जाऊ द्या भलतीकडे. तुमचं तुमीच टाका."

दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला. पहिलाच प्रश्न आला, 'या प्रशिक्षणाकडून तुमची अपेक्षा काय?' खाली रिकामा चौकोन. गुरुजींनी एका बोटाने 'म' शोधला, तो सापडला. मग 'ला' शोधायला निघाले, तर अक्षरं धूसर दिसू लागली. चष्मा तर आत्ताच पुसला होता.

रेणूने खुर्ची उचलली, खिडकीपाशी नेली आणि बाहेर तोंड करून बसली. बाहेर रिकामं मैदान होतं, हातपंप होता, पंपाखालच्या चिखलात एक बकरी उभी होती. गुरुजींचं लिहून होईपर्यंत ती त्या बकरीकडेच पाहत राहिली.