बोटाखालची वाळू

मी बालवर्गातला वाळूचा ट्रे बोलतोय. आज अंगात नुसता उत्साह सळसळतोय, कुठून सुरुवात करू तेच कळेना! पण घाई केली की वाळू सांडते, हे मला आयुष्यात कळलेलं एकमेव शास्त्र. तेव्हा दमानं सांगतो.

आधीच कबूल करतो, मला लिहिता-वाचता येत नाही. हसा खुशाल. माझ्या अंगावर लाखभर अक्षरं उमटली असतील, पण मला त्या सगळ्या गुदगुल्याच. उभी गुदगुली, आडवी गुदगुली, गोल गुदगुली. मात्र बोट घाबरलेलं आहे की खुशीत आहे, ते मला पहिल्या रेघेलाच समजतं. तेवढ्या शिक्षणावर माझं भागलं.

जन्मानं मी टेबलाचा खण. एका कचेरीत पोटात फाईली घेऊन वीस वर्षं अंधारात काढली. टेबल मोडीत निघालं तेव्हा एका सुतारानं मला उचललं. त्याची मुलगी नुकतीच बालवर्गाला शिकवायला लागली होती. त्यानं माझी मूठ काढली, कडा घासून गुळगुळीत केल्या, तळाला निळा रंग दिला आणि वर चाळलेली बारीक वाळू पसरली. अगदी पातळ थर. बोट फिरलं की वाळू बाजूला होते आणि खालून निळी रेघ उजळते. पहिल्या दिवशी ती रेघ बघून पोरं जी किंचाळली म्हणता! वीस वर्षांत एवढं कौतुक एका फाईलीचंही झालं नव्हतं.

सुताराची ही मुलगी म्हणजे आमची ताई. जीव तोडून शिकवायची, पण भारी उतावळी. "सांगा बरं, हे काय?" असं विचारायची आणि पोरांनी तोंड उघडायच्या आत उत्तरही तीच देऊन टाकायची. एखादं बोट अडखळलं की मनगट धरून अक्षर पुरं करायची. अक्षरं सुबक यायची, पण सगळी ताईची!

वर्गात एक मुलगी होती. पाऊल न वाजवता चालायची, म्हणून सगळे तिला मुंगी म्हणत. ताईनंच एकदा गडबडीत तिच्या पानभर लाल फुल्या मारल्या होत्या. तेव्हापासून मुंगीनं पेन्सिलीला हात लावला नाही. माझ्यावर तिचं बोट यायचं ते ताईच्या मुठीतून, जीव नसल्यासारखं.

एका सोमवारी शाळेच्या मोठ्या बाई आल्या. मुंगीकडे बघून म्हणाल्या, "शुक्रवारी मी स्वतः बघणार. हिनं आपल्या हातानं तीन अक्षरं काढली तर वरच्या वर्गात. नाहीतर आणखी एक वर्ष इथंच."

"बाई, तिच्या सगळ्या मैत्रिणी वर चालल्यात हो!" ताई कळवळली.

"म्हणून तर तीनच म्हटली."

त्याच दुपारी सुतार माझा निखळलेला खिळा ठोकायला आला. ताईनं गाऱ्हाणं मांडलं, "बाबा, मी हात सोडला की मुंगी थांबते."

"मग थांबू दे की."

"चार दिवस उरलेत!"

"तू एवढीशी असताना माझा रंधा मागितलास. मी दिला. तू माझ्या चांगल्या फळीचं वाटोळं केलंस."

"बाबा! हे किती वर्षं ऐकवणार?"

"फळी गेली, पण तुझा हात धीट झाला. हिसकावून घेतला असता, तर पुन्हा रंध्याजवळ फिरकली नसतीस. शिकाऊच्या हातातलं हत्यार ओढणारा मिस्त्री जन्मभर एकटाच राबतो बघ."

मंगळवारी ताई बदलली. मुंगीच्या समोर न बसता ती शेजारी जमिनीवर बसली. समोरून मुलाला अक्षर उलटं दिसतं, हे एवढ्या दिवसांत कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं! त्या दिवशी अक्षर नाही, नुसते रस्ते. सरळ रस्ता, नागमोडी रस्ता. मग ताईनं मुद्दाम एक अक्षर चुकवलं, स्वतःच खुदकन हसली आणि मला दोन्ही कडांना धरून हलवलं. "चुकलं. हलवलं. गेलं!"

मुंगी बघतच राहिली. बुधवारी तिनं काही काढलं नाही. फक्त मला हलवलं, अकरा वेळा. ताईनं हलवू दिलं.

गुरुवारी ताईनं विचारलं, "आज काय काढू या?" आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून मनात दहा आकडे मोजले. नवव्याला ओठ पुटपुटले, तरी थांबली. दहाव्यानंतर एक इवलंसं बोट माझ्यावर आलं. एकटं! ताईनं "हुशार गं बाई माझी" केलं नाही. म्हणाली, "ही रेघ वरून खालपर्यंत न थांबता आली." मुंगीनं लगेच तशीच दुसरी काढली.

शुक्रवार उजाडला. मोठ्या बाई छोट्या खुर्चीत बसल्या, गुडघे हनुवटीला टेकलेले. पहिलं अक्षर आलं. दुसरं आलं. तिसऱ्याला बोट अर्ध्यावर अडलं. ताईचा हात सुटला... आणि पुन्हा मांडीखाली गेला.

"अगं, जरा मदत कर तिला," मोठ्या बाई कुजबुजल्या.

"नको बाई. विचार करतेय ती."

बोट हललं. मोठ्या बाईंच्या भुवया वर गेल्या. "अं हं, हे तर..."

"थांबा की बाई! अजून झालं नाही माझं!"

हा आवाज मुंगीचा होता, बरं का! तिनं मला धरून असं गदागदा हलवलं की मूठभर वाळू मोठ्या बाईंच्या मांडीवर. मग एका दमात अक्षर काढलं. बरोबर की चूक, मला काय ठाऊक? पण त्या बोटात भीती नव्हती. लगेच चौथं आलं. मग पाचवं.

"अगं, तीनच सांगितली होती!" मोठ्या बाई वाळू झटकत हसल्या.

"मला अजून येतात," मुंगी म्हणाली आणि सहावं काढायला लागली.

उन्हाळ्याची सुट्टी संपली आणि मुंगी वरच्या वर्गात गेली, मैत्रिणींच्या घोळक्यात, धपाधप पाय आपटत. मी खालीच आहे, आणि मला खालीच राहायचंय. लहान मुलांना शिकवणाऱ्यांनो, माझ्यासारख्या अडाण्याचं एवढं ऐका. त्यांच्या शेजारी बसा. स्वतः चुकून दाखवा. पुसायचं काम मुलाला द्या. आणि बोट थांबलं, तर तुमचा हात आवरा. आत काहीतरी शिजत असतं.

आज नवी पोरं आलीत. एक पोरगी माझ्यासमोर येऊन बसलीय, बोट हवेत धरून. ताई तिच्या शेजारी, गप्प. तुम्हीही जरा गप्प बसा.

ते बघा, बोट खाली येतंय!