पानमळ्यातला निळा रांजण

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे. मला भेटायला आलात, तर तुम्हाला माझे नुसते तोंड दिसेल. उरलेला सगळा मी मातीत आहे. तोंडावर एक फरशी असते आणि फरशीवर एक धोंडा. इतका बंदोबस्त चावडीवरच्या चोराचाही होत नसेल. मी कधी कुणाचे काही चोरलेले नाही. माझी हकीकत ऐका, म्हणजे हा धोंडा कशासाठी आहे ते तुम्हाला कळेल.

माझा जन्म इंदापूरच्या कुंभारवाड्यात झाला. रांजण काही माठासारखा चाकावर एका दमात उठत नाही. आधी बूड, मग पोट, मग खांदे, असा तो दिवसादिवसाने वाढतो आणि वाढताना थापटीचा मार खातो. भट्टीतून निघालो तेव्हा कुंभारीण द्वारकाबाई हिने माझ्या पोटावर टिचकी मारली. आवाज खणखणीत आला. हा पाणपोईला जाणार, वाटसरूंचा दुवा घेणार, असे ती शेजारणीला म्हणाली. झाले! त्या दिवसापासून मी शेजारच्या माठांशी तोऱ्यात बोलू लागलो. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, तशी माझी गत होती. मी मनातल्या मनात रस्ता पाहत होतो, लिंबाची सावली पाहत होतो, उन्हातून आलेली माणसे ओंजळीने पाणी पिताना पाहत होतो.

मला विकत घेतले ते सणसरच्या फुलाबाईने. बैलगाडीत पाचटावर आडवे होऊन मी निघालो. वाटेत एक पाणपोई लागली, पण गाडी थांबली नाही. संध्याकाळी एका पानमळ्यात मला उतरवले, कोपऱ्यात खोल खड्डा खणला आणि गळ्यापर्यंत पुरून टाकले. पुरलेल्या रांजणात पाणी गार राहते म्हणे. राहत असेल. पण त्या दिवसापासून मला कूस बदलता आलेली नाही.

मित्रांनो, तुम्ही पानमळा पाहिला आहे का? बाहेरून तो हिरवागार दिसतो. आत गेलात की कोंदट. चहूबाजूंनी दाट कूड, वाऱ्याला मज्जाव, उन्हाला मज्जाव. शेवरीच्या झाडांवर नागवेली चढवलेल्या असतात आणि त्यांच्या ओळींमधून वाकून चालावे लागते. नागवेल म्हणजे देवता, म्हणून पायताण कुडाबाहेर काढून ठेवायचे. आत मोठ्याने कुणी बोलत नाही. कैदखाना असावा तर असा, इतकेच मी त्या वेळी मनाशी म्हणालो.

फुलाबाईला मात्र तिथेच मोकळे वाटे. तिचा नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारला होता. घरात तिला कुणी छळत नव्हते, पण कुणी काही विचारतही नव्हते. चुलीपुढे ती एक बाई, बस्स. नवऱ्याने लावलेला हा मळा तेवढा तिच्या हातात राहिला होता. कूड ओलांडून आत आली, की तिचा पदर खोचला जाई आणि आवाज बदले. अंगठ्यात लोखंडी नखी घालून ती पाने खुडू लागली, की पाहत राहावे. देठाला धक्का नाही, वेलाला इजा नाही. कामाच्या बायका तहानेल्या झाल्या, की माझे पाणी पीत. पाणपोई नाही तर नाही, चार जणींची तहान तरी भागते, असे म्हणत मीही रमलो होतो.

मग मळ्यावर मर आली. पावसाळ्याच्या तोंडाला एका ओळीतले वेल मुळाशी काळे पडले आणि बघता बघता माना टाकू लागले. आज हा, उद्या त्याच्या शेजारचा. फुलाबाईने राख टाकली, नारळ फोडला, रोगट वेल उपटून लांब नेऊन जाळले. मर हटेना.

तिचा दीर हिंदुराव एकदा मळ्यात आला. माणूस वाईट नव्हता. पण कळंबच्या बाजूला साखर कारखाना उभा राहिला होता, कालव्याला पाणी होते, आणि जो तो उसाचेच बोलत होता. तो माझ्या काठावर टेकला आणि म्हणाला, "वैनी, दसऱ्यापातूर मी थांबतो. मर हटली तर मळा तुमचा. न्हाय तर वेल काढून ऊस लावनार. वाळल्या वेलाला पानी पाजून काय उपेग हाय?"

फुलाबाई नुसते "व्हय भावजी" म्हणाली. तो गेल्यावर ती पुन्हा काळ्या पडलेल्या ओळीत शिरली. मळा गेला तर आपण पुन्हा चुलीपुढे जाणार, आणि या खेपेस तिथून उठायला कारण उरणार नाही, हे तिला कळत होते. मलाही कळत होते. एकाच मातीत अडकलेल्यांना एकमेकांचे मन कळायला वेळ लागत नाही.

तिची पाने बारामतीच्या पेठेत नेऊन विकणारा इब्राहिम तांबोळी, त्यालाही घोर लागला होता. वेल मेले तर त्याने तरी काय विकावे? एका बाजाराच्या दिवशी शेतकी खात्याचा एक माणूस बारामतीत पिकांचे औषध करून दाखवत होता, ते इब्राहिमने पाहिले. मोरचूद, म्हणजे तांब्यापासून केलेले निळे खडे, एका मडक्यात विरघळवायचे. चुना दुसऱ्या मडक्यात कालवायचा. मग दोन्ही एका मोठ्या भांड्यात ओतून ढवळायचे. मोरचूद एकटे गेले तर वेल जाळते, चुना एकटा गेला तर मर हटत नाही. दोन्ही नीट मिळाले, की तिसरीच वस्तू जन्मते, आणि ती वेलाला राखते. भांडे लोखंडाचे चालत नाही, मोरचूद त्याचे बूड खाते. मातीचे हवे. इब्राहिमने एवढे ऐकले आणि तेवढ्यात त्याला दौंडच्या आगगाडीवर पानांच्या करंड्या चढवायच्या होत्या, म्हणून तो निघाला. अर्धी कथा ऐकून उठलेल्याला पुण्य लागत नाही म्हणतात. तेच पुढे आमच्या मुळावर आले.

मोठे मातीचे भांडे मळ्यात कोणते होते? मीच. फुलाबाईने माझे पाणी उपसले. शेवटचा तांब्या ती स्वतः प्याली आणि मला म्हणाली, आता तुझ्यात पाणी ठेवता यायचे नाही. मित्रांनो, खरे सांगतो, त्या क्षणी मला भट्टीतल्यापेक्षा जास्त चटका बसला. ज्या पोटात पाणी धरायचे, त्याच पोटात विष धरायचे. नको म्हणावे तर तोंड एवढे मोठे, पण वाचा नाही.

चुन्याची गोष्ट निघाली तेव्हा दोघेही माझ्याजवळ बसले होते. भट्टीवरून ताजा कळीचा चुना आणावा, का घरातला जुना चालेल? आता ऐका. एकीचे आयुष्य पाने लावण्यात गेलेले, दुसऱ्याचे पाने विकण्यात. ताजा चुना तोंड भाजतो, हे दोघांना पक्के ठाऊक. म्हणून खायचा चुना दिवसेंदिवस उघडा ठेवून, वरचे पाणी बदलून मऊ करतात. फुलाबाई म्हणाली, "जे आपल्या जिभंला सोसत न्हाय, ते पानाला कसं सोसंल?" इब्राहिमला ते शंभर हिश्श्यांनी पटले. त्याने आपल्या दुकानातला चांगला जुना, मवाळ चुना आणून दिला. मायेपोटीच चूक झाली म्हणा ना.

दोन्ही मडकी माझ्यात रिकामी झाली आणि मला लगेच कळले, की काहीतरी बिनसले आहे. चुन्यात दमच नव्हता. मोरचुदाची आग तशीच होती आणि माझ्या अंगाला झोंबत होती. फुलाबाई काठीने ढवळत होती. ढवळता ढवळता तिचा अंगठा आत बुडाला आणि वर आला, तेव्हा त्यातली लोखंडी नखी तांबूसलाल झाली होती. ती हरखली. लोखंडाचे तांबे झाले, हा देवीचा कौलच, असे ती म्हणाली. इब्राहिमने हात वर करून अल्लाचे आभार मानले. नखीला हळदकुंकू लागले. मी आतून ओरडत होतो, की अरे, हे औषध नाही, हे अजून जहर आहे. पण रांजणाने कितीही आकांत केला, तरी बाहेर नुसते पाणी डचमळते.

त्यांनी अर्ध्या मळ्याला ते औषध घातले. मुळाशी ओतले, वेलांवर लिंबाच्या डहाळ्यांनी शिंपडले. मग ते संपले म्हणून अर्धा मळा राहिला, हे नशीब. काही दिवसांतच औषध घातलेली पाने कडेने करपली, काळी पडली आणि गळू लागली. मरीने जे महिनाभरात केले नसते, ते औषधाने केले.

हिंदुराव आला. एक करपलेले पान त्याने बोटात चुरगाळले, जळालेल्या ओळी मोजल्या आणि निघून गेला. त्याने चार शब्द सुनावले असते, तर बरे वाटले असते. फुलाबाई माझ्याशेजारी मातीत बसली आणि एवढेच म्हणाली, "मरीला कशाला नावं ठिऊ? म्या माज्या हातानं जाळलं."

इब्राहिमला तोंड दाखवायची लाज वाटत होती, पण तो आला. आणि आल्यावर त्याने शहाणपणाची एकच गोष्ट केली. ती तांबूस नखी फुलाबाईकडून मागून घेतली आणि बारामतीत त्या शेतकी खात्याच्या माणसाला शोधून काढून त्याच्यापुढे ठेवली. त्या माणसाने नखी पाहिली आणि पहिला प्रश्न केला, की चुना कुठला घातला होता?

परत येऊन इब्राहिमने सगळे सांगितले. लोखंड बुडवून पाहायचे, हा त्या औषधाचा शेवटचा नियमच होता, आणि नेमका तोच ऐकायच्या आधी तो स्टेशनाकडे धावला होता. लोखंड लाल झाले, तर मोरचूद अजून मोकळे आहे, चुना कमी पडला आहे. लोखंड होते तसेच राहिले, तर औषध तयार. जुना चुना उघड्यावर राहून मेलेला असतो, तो मोरचुदाला धरू शकत नाही. सांगून झाल्यावर इब्राहिमने ती तांबूस नखी तिच्यापुढे ठेवली. "फुलाक्का, औषध आपल्याला ओरडून सांगत व्हतं, आन आपून त्याला कुंकू लावलं."

उरलेल्या अर्ध्या मळ्यात मर शिरलीच होती. पुन्हा तेच औषध घालायला छाती हवी. घरातल्यांनी फुलाबाईला वेड्यात काढले. तिने रात्रभर विचार केला असेल, पण सकाळी आली ती पदर खोचूनच. इब्राहिमने भट्टीवरून कळीचा चुना आणला होता. पाणी पडताच तो मडक्यात रटरटून फुलला, वाफ आली. या वेळी दोन्ही माझ्यात ओतली, तेव्हा काय झाले ते कसे सांगू? आधी झटापट, मग हळूहळू शांतता. माझ्या अंगाची आग थांबली. दोन जहाल जिवांनी एकमेकांना धरून ठेवले आणि माझ्या पोटात निवळशार आभाळाचा रंग दाटून आला. मला मातीत पुरल्यापासून आभाळ तेवढे तोंडाइतके दिसत होते. त्या दिवशी ते आत उतरले.

फुलाबाईने राखेने घासलेली दुसरी नखी बुडवली. थोडा वेळ थांबून तिने ती वर काढली. नखी काळीच होती. इब्राहिम म्हणाला, पुन्हा बघ. तिने पुन्हा बुडवली. काळीच. मग ती मोठ्याने रडली. तिला पानमळ्यात मोठ्याने काही करताना मी तेव्हाच ऐकले.

ते निळे औषध उरलेल्या वेलांना घातले आणि नवरात्र सरता सरता मर थांबली. पेठेत लोक औषधाचे निळे डाग पडलेल्या पानांना भ्याले, तेव्हा फुलाबाईने औषध घातल्यावर बरेच दिवस खुडणी बंद ठेवली आणि मग इब्राहिमने पाने चोळून धुवून, पहिला विडा गिऱ्हाइकांदेखत स्वतः खाल्ला. दसऱ्याला हिंदुराव आला. जळालेल्या अर्ध्यात त्याने ऊस लावला आणि जगलेल्या अर्ध्याला हात लावला नाही. शब्दाला जागला. मळा अर्धा झाला, कूड आणखी जवळ आला, पण तो फुलाबाईचा राहिला.

दर पावसाळ्यात माझ्यात औषध होऊ लागले. दूरदूरचे पानमळेवाले बघायला येत, माझे कौतुक करत. आणि पावसाळा सरला, की फरशी आणि धोंडा. आठ महिने अंधार. कुणाला आठवणही नसे.

यंदाच्या उन्हाळ्यात एक दिवस धोंडा हलला. हिंदुरावाच्या हातात कुदळ होती. कालव्याच्या रस्त्यावर तो पाणपोई घालणार होता, आणि रांजण हवा होता. औषधाला दुसरे भांडे बघू, हा धुवून घेऊ, असे म्हणत तो खणू लागला. मित्रांनो, किती वर्षांनी माझ्या खांद्यांना वारा लागला! मला वाकडा केला तेव्हा कुडाच्या फटीतून रस्ता दिसला. लिंबाचे झाडसुद्धा दिसले. द्वारकाबाईचा शब्द खरा होत होता. मला ने, मला ने, असे मी म्हणत होतो. आणि त्याच दमात मला माझे पोट आठवत होते.

फुलाबाई धावत आली. हिंदुराव म्हणाला, चिंचेने घासू, राखेने घासू. तिने माझ्या उघड्या खांद्यावर बोट ठेवले. तिथे आतून झिरपलेला निळा डाग होता.

"भावजी, हे वरवरचं न्हाय. मातीत मुरलंय. घासून जायाचं न्हाय. वाटंवरच्या लेकरांच्या पोटात जाईल."

हिंदुरावाने डाग पाहिला आणि कुदळ खाली ठेवली. पाणपोईला नवा रांजण आणायला तो इंदापूरला गेला. फुलाबाई एकटीच मागे राहिली. खोरे न घेता तिने हातांनी माती परत माझ्या भोवती लोटली, थोपटून थोपटून बसवली. मग माझ्या काठावर हात ठेवून हळूच म्हणाली, "तुला भाईर काढलं तर लोक मरतील. मला भाईर काढलं तर मी मरीन. ऱ्हाऊ की दोघं हितंच."

मित्रांनो, मला तुमच्याकडून दुसरे काही नको. भांड्याला तोंड असते, पण वाचा नसते. त्यात काय घालता ते आधी जाणून घ्या, आणि अर्धे ऐकून उठू नका. आणि कालव्याच्या रस्त्याने गेलात, तर त्या पाणपोईवर थांबा. तिथला रांजण इंदापूरचाच आहे, माझ्याच भट्टीतला. त्याचे पाणी पोटभर प्या. फक्त माझ्या तोंडावरचा धोंडा हलवू नका.