काळ्याच्या पांघरुणाखाली

मी पिवळा बोलतोय. शोधू नका, दिसण्याइतका मोठा मी नाहीच. आईबापांकडून पिल्लात उतरणारा, केसांचा रंग ठरवणारा मी एक जनुक, कुत्र्यांच्या अंगात राहणारा.

माझं आयुष्य बहुतेक झोपेतच गेलं. प्रत्येक पिल्लाला रंगाचे दोन वाटे मिळतात, एक आईचा, एक बापाचा. माझ्या शेजारी काळा आला की तो दांडगट सगळं पांघरूण स्वतःकडे ओढतो. कुत्रं काळंच दिसतं. मी आत निपचित पडून स्वप्नं बघतो, उन्हाची, वाळल्या गवताची, दुधावरच्या सायीची. अशा किती पिढ्या गेल्या, कोण मोजतो.

एकदा मी एका शिंप्याच्या काळ्या कुत्र्यात झोपलो होतो, आणि त्याच्या बहिणीच्या काळ्या कुत्रीतही. बहीण केस रंगवण्याचं दुकान चालवायची. भाऊ तिला लहानपणापासून घारू म्हणायचा. पिल्लं झाली की पहिली निवड नराच्या मालकाची, असं ठरलं होतं. शिंप्याने तर चिंध्या भरून गादीसुद्धा शिवली.

पिल्लं झाली. सगळी काळी आणि एक पिवळं. त्याला दोन्ही वाटे माझेच मिळाले होते. पांघरूण ओढायला कुणी नव्हतं. मी पहिल्यांदा उजेड पाहिला.

शिंपी टोपलीवर वाकला आणि त्याचा चेहरा पडला. "हे माझ्या कुत्र्याचं नाही. तुझी कुत्री कुठेतरी तोंड काळं करून आलीय."

"दुकानाचा उंबरा ओलांडला नाही रे तिने."

"मग पिवळं आलं कुठून? खोटं बोलणाऱ्यांकडून मला काही नको. यापुढे माझ्या दारात येऊ नकोस."

गादी काखोटीला मारून तो निघाला. मला फार वाईट वाटलं. एवढ्या पिढ्यांनी जागा झालो, तो भावाबहिणीत बिब्बा घालायला.

बहिणीने पिल्लू उचललं. "दादा, आईचे डोळे कसले होते?"

"काळेभोर."

"बाबांचे?"

"काळेच."

"मग माझे घारे कुठून आले?"

शिंपी दारातच थांबला. वळून त्याने तिच्या डोळ्यांत पाहिलं. मग गादी हळूच खाली ठेवून म्हणाला, "पहिली निवड माझी ना, घारू?"

आता मी त्याच्या शिलाई मशीनखाली त्याच गादीवर लोळतो. पुढे एखाद्या काळ्या पिल्लात माझा पुन्हा डोळा लागेल. कधीतरी तुमच्या टोपलीत जागा झालो, तर हा कुणाचा म्हणून आईला बोल लावू नका. एवढंच विचारा, झोप झाली का?