कपाळावरचा चष्मा

मित्रांनो, मला बघून हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, म्हणजे पुढचं नीट ऐकता येईल. माझं कातडं तडकलंय, पट्टा सैल पडलाय आणि दोन काचांमधली कडी गंजून लाल झालीय. मी धुळीचा चष्मा आहे. फटफटीवर बसणाऱ्यानं डोक्यामागून पट्टा घालून डोळ्यांवर चढवायचा, तसला. साहेबलोक मला गॉगल म्हणायचे.

कानपूरच्या कारखान्यात एका म्हाताऱ्या कारागिरानं माझ्या कडेला बनात, म्हणजे मऊ लोकरी कापड, शिवली. मग मला स्वतःच्याच तोंडावर चढवलं आणि चालू पंख्यासमोर जाऊन उभा राहिला. वारा आत शिरला नाही. "जा," तो म्हणाला, "किसी की आँखें बचा." एवढं एकच काम मला सांगितलं होतं. आयुष्यभर कपाळावर बसून ते कसं करायचं, हे मात्र कुणी शिकवलं नाही.

मी ग्वाल्हेर संस्थानच्या फौजेत भरती झालो आणि विश्वासरावांच्या वाट्याला आलो. विश्वासरावांचे पूर्वज दख्खनेतून घोड्यावर बसून आले होते. यांच्या मांडीखाली फटफटी आली. लष्कर म्हणजे ग्वाल्हेरचं नवं शहर, तिथल्या कचेरीतून टपालाची थैली घ्यायची आणि मुरारच्या छावणीत पोचवायची, हे त्यांचं काम. फटफटीवर त्यांचा जीव होता. आणि माझ्यावरही होता, खोटं कशाला बोलू. रोज सकाळी मलमलीच्या तुकड्यानं माझ्या काचा पुसायचे, उजेडात धरून बघायचे, डोळ्यांवर चढवायचे. कंपू मोहल्ल्यातल्या घरापासून कोपऱ्यापर्यंत मी डोळ्यांवर असायचो. कोपऱ्यावर पहिल्या सरदारांचा दरवाजा यायचा, आणि मी कपाळावर जायचो.

याचं कारण नाना. नाना म्हणजे विश्वासरावांचे वडील, जुने शिलेदार. "झाकल्या डोळ्यांनी मुजरा म्हणजे पाठ फिरवून नमस्कार," असं ते म्हणायचे. "मोठ्यांपुढं डोळा लपवतो तो चोर. आपण चोर नाही."

आता तुम्ही म्हणाल, मुजऱ्यापुरता वर केला आणि मग खाली घेतला, त्यात काय एवढं? मित्रांनो, तुम्ही तेव्हाचं लष्कर पाहिलेलं नाही. तिथं दगड मारला तर सरदाराला लागायचा, आणि नेम चुकला तर सरदारांच्या मेहुण्याला. एकाचा दरवाजा संपला की दुसऱ्याची बग्गी. खाली यायला मला वेळच मिळायचा नाही. एकदा समोरून एक गडी आला. त्याची पगडी बघून विश्वासरावांना वाटलं, मागून सरदार येताहेत. चष्मा वर, मान खाली, मुजरा झाला. मागून आली ती सरदारांची म्हैस. पण केलेला मुजरा परत घेता येत नाही. म्हशीनं तो शांतपणे घेतला.

मी कपाळावर आणि धूळ डोळ्यांत, असा आमचा संसार. संध्याकाळी उषाताई, विश्वासरावांच्या पत्नी, वाटीत गुलाबपाणी घेऊन बसायच्या.

"अहो, हा चष्मा कपाळाला लावतात का? कपाळाला लावायला घरात गंध नाही?"

"तुला नाही कळायचं. ही रीत आहे."

"रीत कळते मला. डोळे लाल झालेले दिसतात ना, म्हणून बोलते. वर बघा."

ते वर बघायचे. गार पाण्याचा थेंब पडला की लहान पोरासारखे पाय आपटायचे, आणि नाना बाहेरच्या खोलीतून खाकरायचे.

मग संस्थानं विलीन झाली. ग्वाल्हेर, इंदूर आणि आजूबाजूची लहानमोठी मिळून मध्यभारत झाला. राजधानी कुठं करायची यावर इतकं भांडण झालं की शेवटी दोन्हीकडे केली. थंडीत ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. पाखरं ऋतू बदलला की उडतात, तसं सरकार उडायचं, फरक एवढाच की चोचीत फायली.

मला वाटलं, आता मुजरे संपले, आता मी खाली. कसलं काय. पूर्वी पगडीच्या बांधणीवरून हुद्दा कळायचा. आता मंत्र्याच्या डोक्यावर पांढरी टोपी, त्याच्या कारकुनाच्या डोक्यावर पांढरी टोपी आणि सराफ्यातल्या हलवायाच्या डोक्यावरही तीच. चुकून मंत्री राहून जायला नको, म्हणून विश्वासराव सगळ्याच टोप्यांना मुजरा करू लागले. शेवटी त्या हलवायानंच त्यांना थांबवलं.

"भैया, रोज सलाम करते हो, जलेबी तो खाते जाओ."

विश्वासराव लाजले. पण जिलबी खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशीही मुजरा केला. आता ओळख झाली होती.

पुढं फौज मोडली आणि फटफट्या नव्या सरकारच्या कचेरीकडं आल्या. चालवणाऱ्यांना हुकूम झाला, नव्या राज्यात पक्कं व्हायचं असेल तर डोळ्यांची तपासणी द्या. जो नापास होईल त्याच्याकडून फटफटी काढून घेतली जाईल. विश्वासरावांना बढती नको होती, बदली नको होती. "मला फक्त फटफटी राहू दे," ते उषाताईंना म्हणाले, "बाकी राज्य कुणाचंही होऊ दे." आणि डोळे तर त्यांचे असे की कंपूतल्या अंगणातून किल्ल्यावरची घार दाखवायचे. तपासणीची भीती नव्हतीच.

तपासणी आठवड्यावर आलेली. ऊन तापायला लागलं होतं आणि सरकार इंदूरला निघालं होतं. मुरारच्या रस्त्यावर नवी खडी टाकलेली. समोरून एक काळी गाडी भरधाव आली, पडदेवाली. मागच्या सीटवर कुणीतरी ताठ बसलेलं, वर पांढरं दिसत होतं. विश्वासरावांचा हात उठला. मी डोळ्यांवरून कपाळावर गेलो.

गाडीच्या चाकाखालून एक खडा सुटला. बोराच्या बीएवढा असेल. मी त्याच्या वाटेपासून दोन बोटं वर होतो, मित्रांनो. फक्त दोन बोटं. तो माझ्या खालून गेला.

आणि गाडी शेजारून गेली तेव्हा मी कपाळावरून आत बघितलं. मागच्या सीटवर साहेब नव्हते. साहेबांची खुर्ची होती. पडाव भागातल्या स्टेशनावर इंदूरच्या गाडीत चढवायला निघालेली, पाठीवर पांढरा टॉवेल घातलेली.

विश्वासरावांनी फटफटी पडू दिली नाही. एका हातानं डोळा दाबून ती कडेला लावली, आणि मगच खाली बसले.

इस्पितळात उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून पडलेले असताना त्यांनी उषाताईंना विचारलं, "गाडीत कोण होते गं?"

उषाताईंना तोवर सगळं कळलं होतं. त्या पांघरूण सारखं करत राहिल्या. "मोठे साहेब होते. अगदी मोठे."

"मग ठीक," विश्वासराव म्हणाले, आणि त्यांना झोप लागली.

ते 'मग ठीक' दोनच दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी वॉर्डाबाहेर त्या गाडीचा ड्रायव्हर चपराशांना किस्सा सांगत होता. "कसम से, कुर्सी को सलाम. और कुर्सी ने जवाब भी नहीं दिया." सगळे खो खो हसले. विश्वासरावांनी ऐकलं. तेही हसले, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. मग कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं. उषाताईंनी मला उशाखाली ढकललं. त्यांनाही मी डोळ्यांसमोर नको होतो.

लष्करात ही गोष्ट महिनाभर पुरली. ज्या हलवायानं जिलबी खाऊ घातली होती, तो एकटा हसला नाही.

तपासणी लांबवून मिळाली, पण टळली नाही. डॉक्टर लक्ष्मीकांत घरोब्यातले, नानांची नाडी बघायला घरी यायचे. त्यांनी भिंतीवरच्या तक्त्याकडं बोट केलं. "विश्वासराव, उजवा डोळा झाका आणि वाचा."

विश्वासरावांनी उजव्या हातानं उजवा डोळा झाकला आणि शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचलं.

"आता डावा झाका."

विश्वासरावांनी हात बदलला. डाव्या हातानं पुन्हा उजवाच डोळा झाकला आणि पुन्हा शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. आवाज पहिल्यापेक्षा खणखणीत.

डॉक्टरांनी तक्त्याकडं केलेलं बोट खाली घेतलं. मग हळूच म्हणाले, "हात बदललात विश्वासराव. डोळा नाही बदललात."

"डॉक्टरसाहेब, एका डोळ्यानंही रस्ता तेवढाच दिसतो."

"अर्धा दिसतो. उजवीकडून कोण आलं ते तुम्हाला कळणार नाही. मी सही केली आणि उद्या तुम्ही ट्रकखाली गेलात, तर उषावहिनींना तोंड कसं दाखवू?"

फटफटी गेली. विश्वासरावांना कचेरीच्या दाराशी एक स्टूल मिळालं. फटफटी मिळाली सूर्याजीला, त्यांच्याच पुतण्याला. आईबाप लहानपणी गेले म्हणून त्याला उषाताईंनीच वाढवलं होतं. फटफटी घरातच राहिली म्हणून बरं वाटावं, की रोज समोर सुरू होताना बघावी लागते म्हणून वाईट, हे विश्वासरावांना ठरवता येईना. त्यांनी मला पुसलं आणि सूर्याजीपुढं धरलं.

"काकासाहेब, बुरा मत मानना," सूर्याजी पायाकडं बघत म्हणाला. "पण लोक म्हणतात हा मनहूस आहे. आणि पट्ट्यानं बालों का कोंबडा बसतो."

मी मनहूस. मित्रांनो, छत्री घरी ठेवून भिजलेल्या माणसानं छत्रीला बोल लावावा, तसं झालं. पण चष्म्याला तोंड नसतं.

मी स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर आलो. एक दिवस कांदा चिरताना उषाताईंनी मला काढून डोळ्यांवर चढवलं. शेजारणी हसल्या, "काकी, कुठं उडून चाललात?" उषाताईही हसल्या. मग रोजच चढवू लागल्या. विश्वासराव कचेरीतून परत यायच्या वेळेला त्या नेमका कांदा चिरायला बसायच्या. त्या घरात एवढा कांदा कुणी खात नव्हतं. माझी बनात अजून घट्ट होती, कांद्याची झणझण बाहेरच राहायची. तरी माझ्या काचा आतून ओल्या व्हायच्या. हे फक्त मला माहीत होतं. विश्वासराव विचारायचे, "आज पुन्हा कांदा?" आणि त्या मान न उचलता म्हणायच्या, "तुम्हाला आवडतो ना."

नाना गेले. वर्षं गेली. मग राज्यांची पुन्हा मांडणी झाली. मध्यभारत पुसला, मध्यप्रदेश झाला आणि राजधानी गेली भोपाळला. कचेरी निघाली, फायली निघाल्या, फटफटी निघाली, सूर्याजी निघाला. स्टूल तेवढं इथंच राहणार होतं.

ट्रक पडावला जमले होते. सूर्याजीनं फटफटीवरून त्यांच्या रांगेतच शिवपुरीच्या वाटेनं भोपाळला जायचं होतं. विश्वासराव मला खिशात घालून आले. सूर्याजीचे डोळे धुळीनं आधीच लाल होते.

"बांध," विश्वासराव म्हणाले.

"काकासाहेब, रहने दो ना. यातून कांद्याचा वास येतोय."

"येऊ दे. मान खाली कर."

त्यांनी स्वतःच माझा पट्टा त्याच्या डोक्यामागून ओढला, केसांच्या कोंबड्यासकट. तेवढ्यात साहेबांची गाडी आली. या वेळी आत खरोखरच साहेब होते. सगळे हात वर गेले. सूर्याजीचा अंगठा सवयीनं माझ्या कडेखाली शिरला. विश्वासरावांनी त्याचं मनगट धरलं.

"मुजऱ्याला हात वर कर. चष्म्याला हात लावायचा नाही."

"पण काकासाहेब, नाना म्हणायचे..."

"नानांना मी सांगेन काय ते. तू डोळे घेऊन जा."

आणि स्वतः त्यांनी मुजरा केलाच नाही. मनगट सोडून त्यांनी दोन्ही हातांनी मलाच धरून ठेवलं होतं. साहेबांच्या गाडीतून कुणीतरी मान वळवून बघितलं. गाडी निघून गेली. आभाळ कोसळलं नाही.

"मी पुढच्या वळणावर उभा राहतो," विश्वासराव म्हणाले. "तिथून जाशील तेव्हा एकदा बघतो चालवताना." आणि ते धावतच गेले, धोतराचा सोगा धरून.

ट्रक सुरू झाले. इतका आवाज की कानात बोललेलं कळेना. मी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा, कुणासाठीही वर न जाता, भर रस्त्यात डोळ्यांवर टिकून होतो. धूळ माझ्यावर आपटत होती आणि आत एक कणही जात नव्हता. वळणाजवळ एक टांगा आडवा आला, म्हणून सूर्याजीनं फटफटी रांगेतून काढली आणि दुसऱ्या अंगानं घेतली. विश्वासराव तिथंच उभे होते, टाच वर करून, रांगेकडं बघत. आम्ही त्यांच्या उजव्या बाजूनं गेलो. इतक्या जवळून, की त्यांच्या बाहीला आमचा वारा लागला.

सूर्याजी ओरडला, "काकासाहेब." ट्रकांनी ते गिळलं. मागून गाड्या येत होत्या, थांबता येत नव्हतं. त्यानं मान वळवली तेव्हा मी पाहिलं, विश्वासराव अजून रांगेकडंच बघत होते. एकेक ट्रक जवळ आला की हात वर करायचे, मग हळूच खाली घ्यायचे.

सूर्याजी सुटीवर ग्वाल्हेरला गेला, तेव्हा मी भोपाळला खुंटीवर होतो. पुढच्या खेपेला मला घेऊन गेला, तेव्हा विश्वासराव गेलेले होते, उषाताई एकट्याच होत्या. त्यांनी मला ओळखलं, हातात घेतलं, आणि परत सूर्याजीला दिलं. त्याचे दोन्ही डोळे आजही शाबूत आहेत. तेवढं कानपूरच्या म्हाताऱ्याला कुणी सांगता आलं तर सांगा.

तर मित्रांनो, फटफटीवर बसा नाहीतर सायकलवर, डोळे झाका आणि झाकलेले ठेवा. मोठ्यांना मान द्यायचा असेल तर खाली उतरा, थांबा, पाया पडा, कितीही वेळ घ्या. ज्यांची तुमच्यावर माया आहे ते तुमच्याकडं उघडे डोळे मागणार नाहीत, शाबूत मागतील. आणि तुम्हाला निरोप द्यायला कुणी वळणावर उभं असेल, तर निघायच्या आधी बघून ठेवा, त्यांचा दिसणारा डोळा कुठल्या बाजूला आहे.