डोक्यातली घंटा

मी एक जुना कान आहे, मित्रांनो. उजवा. माझी मालकीण घंटा ओतणाऱ्यांच्या घरातली थोरली; सगळे तिला मोठ्या आई म्हणतात. चष्म्याची दांडी अडकवायची खुंटी, एवढीच माझी किंमत करू नका.

बाहेर दिसते ती नुसती पाकळी. खरा संसार आत आहे. आवाज आला की पडदा थरथरतो, पाठची तीन इवलीशी हाडं एकमेकांना ढकलतात आणि गोगलगाईच्या शंखासारख्या नळीतलं पाणी हलतं. त्या पाण्यात बारीक केस डुलले, की निरोप नसेतून मेंदूकडे निघाला. अर्थ तो लावतो. राबायचं आम्ही आणि मिरवायचं त्याने! असो, घरोघरी हेच.

कारखान्यात तयार झालेली प्रत्येक घंटा मोठ्या आईंसमोर येई. त्या डोळे मिटून लाकडी हातोडी मारत. लांब, स्वच्छ झंकार उठला तर घंटा पास. तडा असेल तर ती बद्द वाजे आणि परत भट्टीत जाई. त्यांच्या शब्दापुढे ब्र काढायची कुणाची टाप नव्हती. तो मान माझ्यामुळे होता. मी नाही सांगितलं तर दुसरं कोण सांगणार?

पण शेजारी दिवसभर घण पडत. कानांत बोळे घाला म्हटलं, की त्या फणकारत, "कान झाकून का कुणी घंटा पारखतं?"

उंच स्वरांचे केस नळीच्या दाराशीच असतात. पहिला मार त्यांनाच. ते झडत गेले. डोक्यावरचे केस पुन्हा उगवतात, हे उगवत नाहीत. माझे निरोप थांबले तेव्हा रिकाम्या बसलेल्या मेंदूने आपणच एक सूर धरला, अखंड, थेट चांगल्या घंटेसारखा. मग मोठ्या आईंना प्रत्येक घंटा खणखणीत वाटू लागली.

एकदा शाळेसाठी ओतलेली घंटा आली.

"पास," मोठ्या आई म्हणाल्या.

"आई, बद्द वाजतेय ती," सून म्हणाली.

"काल आलीस, आणि मला ऐकायला शिकवतेस?"

"पुन्हा मारून बघा. झंकार थांबला की सांगा."

त्यांनी डोळे मिटून हातोडी मारली. सुनेने लगेच दोन्ही हातांनी घंटा घट्ट धरली. सगळे घण थांबले.

"अजून वाजतेय," मोठ्या आई म्हणाल्या. "अजून... बघ, कशी तरंगतेय!"

त्यांनी डोळे उघडले. सुनेचे हात घंटेवर होते.

त्या हातांकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"भट्टीत टाका," शेवटी म्हणाल्या. हातोडी त्यांनी सुनेच्या हातात दिली. साचे घडवायचं मेण चिमटीत मऊ करून स्वतः तिच्या कानांत बोळे बसवले आणि खुणेनेच बजावलं, की पारखताना काढायचे, एरवी नाही.

"आई, आणि तुम्ही?" सुनेने विचारलं.

"मला काय धाड भरलीये? माझी घंटा आहे माझ्याजवळ."

ती अजून वाजते, मित्रांनो. तिला धरून थांबवायला कुणाचा हात आत पोचत नाही. म्हणून सांगतो, घण पडू लागले की लाजू नका. आधी कानांवर हात ठेवा.